पाचव्या नंबरचा ओढा

दुपारी जेवून जरा डोळा लागला की मला पुणं दिसतं ते उतारांचं. रस्ते, चौक, दुकानांच्या पाट्या यांतलं काहीच त्यात नसतं. नुसती जमीन असते, थोडी वारज्याकडून कललेली, थोडी कात्रजकडून, आणि तिच्यावरून पाणी सावकाश सरकत असतं. मीही त्याच्याबरोबर जात असते, चपला हातात घेऊन, कुठेही पोचायची घाई नसल्यासारखी. जागी होते तेव्हा घोटे गार लागतात. पंखा पायांवर येतो म्हणून, असं माझी मुलगी म्हणते. म्हणू दे.

हे वेड मला नोकरीने लावलं. रसायनशास्त्र शिकून मी वर्ध्याकडून पुण्यात आले ते नव्वदीचं दशक सरत असताना. वारज्यात एक खोली घेतली होती. तिथे तेव्हा संध्याकाळी गवताचा वास यायचा आणि सकाळी सिमेंटचा. हिंजवडीला खाचरं बुजवून काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, आणि आमच्या सरकारी कक्षात पहिला संगणक आला होता. तो रोज सकाळी साहेबांच्या देखरेखीखाली फडक्याने पुसला जायचा. साहेब म्हणजे कक्षाचे प्रमुख, सदाशिव पेठेतले, निवृत्तीला आलेले, आणि बोलण्यात एकही शब्द फुकट न देणारे. मी पहिल्या दिवशी खुर्ची मागितली तर म्हणाले, "आपण उभ्याच राहा. पंखा सुरू आहे, तेवढा सरकारकडून मिळेल." खुर्ची तिसऱ्या दिवशी आली. तीही त्यांनीच कुठून तरी आणवली होती, पण ते त्यांनी कधी कबूल केलं नाही.

आमचं काम लोकांना समजावून सांगताना माझी नेहमी दमछाक व्हायची. कारखान्याच्या नळातून घाण पाणी आलं तर नोटीस कोणाला द्यायची ते कळतं. पण पाऊस पडतो, शेतातला युरिया, गोठ्यातलं शेण, रस्त्यावरचं तेल, बांधकामाची माती असं सगळं वाटेत गोळा करतो आणि ओढ्यात उतरतो. त्याला नोटीस कुठल्या पत्त्यावर धाडायची? म्हणून सरकारने अशा ठिकाणी अनुदान द्यायचं ठरवलं होतं. ओढ्याकाठी गवताचे पट्टे लावा, गाळ बसायला खड्डे घ्या, उकिरडे पक्के बांधा, विहिरींना उंच कठडे घाला. शहरातून आणि आसपासच्या गावांतून अकरा अर्ज आले होते. पैसे चौघांपुरते होते. अकरांचा क्रम लावायचा, हे माझं काम.

क्रम संगणकावर लागायचा. लोकसंख्येला गुण, दर वर्षीच्या आजारपणाला गुण, आलेल्या तक्रारींना गुण, आणि सगळ्यांत जास्त गुण पाण्यातल्या घाणीला. ज्याचं पाणी जास्त खराब, त्याचा नंबर वर. आकडे भरून एक कळ दाबली की अकरा ओढे एका क्षणात उड्या मारून रांगेत उभे राहायचे. मला त्याचं इतकं अप्रूप वाटायचं की दुपारी साहेब डबा खायला गेले की मी उगाच खोटे आकडे घालून ओढ्यांना वरखाली नाचवत बसायची. मग खरे आकडे परत भरायची आणि भिंतीवरच्या नकाशाकडे बघत राहायची. निळ्या बारीक रेषा, सगळ्या नदीकडे निघालेल्या. बघता बघता त्या हलायला लागायच्या. मला त्या वेळी कोणी हाक मारली तर पटकन ओ देता यायची नाही.

पण मी फक्त स्वप्नाळू होते असं समजू नका. माझा रागही नाकाच्या शेंड्यावर असायचा. आळशी माणसांचा मला राग येतो आणि चतुर माणसांचा त्याहून जास्त. अकरा अर्जांत एक आमच्याच बाजूच्या नव्या सोसायटीचा होता. त्यांच्या मागच्या नाल्यात घाण जायची ती त्यांच्याच गाड्या धुतल्याची आणि त्यांच्याच बिल्डरने ओतलेल्या मातीची. पण पत्रं काय सुरेख! टाइप केलेली, सोबत रंगीत फोटो, आणि तक्रारींचा एक गठ्ठाच. तक्रारींच्या रकान्यात त्यांना पैकीच्या पैकी मिळाले. रडणाऱ्याला दूध, हे आमच्या कक्षात अगदी नियमाने चालायचं.

हडपसरपुढच्या मांजरीच्या पलीकडच्या एका लहान गावाचा अर्ज मात्र एका पानाचा होता. तक्रारींच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, "कोणाबद्दल तक्रार नाही." खाली सरपंचबाईंची सही, एकेक अक्षर जपून काढलेली. ओढ्याला लागून गावाची विहीर आहे, पावसाळ्यात उसाच्या रानातलं आणि गोठ्यांतलं पाणी तिच्यात उतरतं, दर वर्षी कावीळ, जुलाब होतात, एवढंच म्हटलं होतं. मला तो अर्ज आवडला. हा पहिल्या चारांत येणार, असं मी मनातल्या मनात धरून चालले होते.

पाण्याचे नमुने घ्यायला जाण्याआधी पंधरा दिवस पत्र पाठवायचं, ही आमच्या कक्षाची रीत होती. अमुक तारखेला पाणी तपासून क्रम लावण्यात येईल, आपण हजर राहावे. आणि नमुने घ्यायचे ते हिवाळ्यात, कारण मार्चच्या आत यादी वर जायला हवी आणि पावसाळ्यात जीप दुसऱ्या कामांना लागायची. म्हणजे पावसाने वाहून आणलेली घाण आम्ही मोजणार ती पाऊस नसताना, आणि तीही आधी सांगून. हे मला तेव्हा का खटकलं नाही, कोण जाणे. सगळे करतात म्हणून आपणही करतो, त्यातलंच ते.

जानेवारीत आम्ही निघालो, मी आणि जीपचे ड्रायव्हर. ते हडपसरकडचेच, पन्नाशीचे, कमी बोलणारे गृहस्थ. हडपसरचा गाडीतळ मागे पडला आणि दोन्ही बाजूंना ऊस सुरू झाला. उसाला तुरे आले होते. सगळं शिवार पांढुरकं, पेंगुळलेलं, वरून कोवळं ऊन. कुठून तरी गुळाचा वास येत होता. मी खिडकीतून बघत होते आणि मला वाटत होतं की ही जीप अशीच चालत राहावी, आणि मीही अशीच नुसती बघत राहावी.

गाव आलं तेव्हा आधी मला वाटलं, इथे लग्न आहे. वेशीपासून ओढ्यापर्यंत सडा, रांगोळ्या. पुरुष धुतलेल्या टोप्या घालून उभे. बायका ओवाळायला ताट घेऊन. आणि ओढा! तळाचे गोटे मोजून घ्यावेत असं नितळ पाणी खळखळत होतं. काठावर शेणाचा एक पो नाही, प्लास्टिकची एक पिशवी नाही.

सरपंचबाई पुढे आल्या. पंचेचाळीस-सेहेचाळिशीच्या, डोक्यावरून पदर, ताठ मान. जागा बायकांसाठी राखीव झाली तेव्हा गावातल्या शहाण्यांनी त्यांना सही करायला म्हणून निवडून आणलं होतं. ही बाई सहीच्या आधी कागद वाचते, हे त्यांना जरा उशिरा कळलं.

"या म्याडम. पाणी बगा आमचं. काच हाय काच!"

"गुरं कुठे आहेत?" मी विचारलं.

"पल्याडच्या माळावर न्हेली दोन दिसांपासनं. गोठं धुऊन काढलं. आन् तीन घरांनी आपली पाटाच्या पाण्याची पाळी सोडली, ते पाणी वड्यात घेतलं. ऊस वाळला तर वाळू द्या म्हनले. हिरीतबी पावडर टाकलीया कालच."

मी विहिरीजवळ गेले तर ब्लीचिंग पावडरचा वास नाकात शिरला. माझ्या हातात रिकामी बाटली होती, आणि मला सगळं एकदम कळलं. त्या वर्षांत गावोगाव स्वच्छतेच्या स्पर्धा चालायच्या. तपासणीला साहेब यायचे, जे गाव सगळ्यांत स्वच्छ त्याला बक्षीस मिळायचं. शेजारच्या गावाला नुकतंच मिळालं होतं. यांना आमचं अनुदानही तसंच वाटलं होतं. पाणी तपासून नंबर लावणार म्हटल्यावर घाण पाणी कोण दाखवेल? पाहुणा येणार म्हणून यांनी घर आवरावं तसा ओढा आवरला होता.

सांगायला हवं होतं. तिथेच, त्या क्षणी. "बाई, तुम्ही हे काय केलंत? घाण पाण्याला पैसे आहेत," एवढंच वाक्य होतं. पण तेवढ्यात त्यांची सून स्टीलच्या तांब्यातून पाणी घेऊन आली. लाजरी, विशीतली, नुकतेच दिवस गेलेली. बाई तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "आवंदा पयलं नातवंड येतंय घरात, आखाडात. ल्योक हिंजवडीला कंपनीच्या बसवर डायवर हाय. तकडं खोली हाय त्याची. हिला तकडंच धाडावी म्हनत हुते, ह्या पाण्यात बाळ-बाळंतीन कशी ठिवू? पर आता तुमी आला. पावसाच्या आत हिरीला कठडा झाला, तर बाळ हितंच ऱ्हाईल. आढ्याला पाळन्याचा दोर टाकलाय मी."

सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. तीन वाळणाऱ्या उसांचे मालकही त्यात असतील. मी पाणी प्यायले. "छान आहे," असं म्हणाले, वर हसले. मग वाकून ओढ्यातलं ते निर्मळ पाणी बाटलीत भरलं, झाकण लावलं, लाखेची मोहर केली. टाळ्या वाजल्या.

परतताना ड्रायव्हरांनी गाडीचा वेग कमी केला. मग रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाले, "म्याडम, बाटली काचेची हाय. आन् रस्ता ह्यो असा खड्ड्याचा." मला कळलं ते काय म्हणत होते. बाटली फुटली तर नियमाप्रमाणे नमुना पुन्हा घेता येत होता, आणि दुसऱ्यांदा कळवायची सक्ती नव्हती. मी त्यांच्यावर उखडले. "तुम्ही गाडी चालवा. मी माझं काम प्रामाणिकपणे करते." ते फक्त "बरं" म्हणाले. बाटली मी मांडीवर घेतली, दोन्ही हातांनी धरून, आणि ती न फुटता पुण्यात आणली. त्या प्रामाणिकपणाचा मला तेव्हा केवढा अभिमान वाटत होता! आज वाटते ती शुद्ध लाज.

प्रयोगशाळेचे आकडे आले. ओढा अगदी स्वच्छ निघाला. शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, "नमुना नेहमीच्या परिस्थितीचा वाटत नाही." साहेबांनी चष्मा खाली घेतला.

"'वाटत नाही' हा शेरा नव्हे, बाई, ती कविता झाली. पुरावा आहे?"

"गावाने पाटाचं पाणी सोडलं होतं, सर. मला त्यांनीच सांगितलं."

"मग त्यांनी नमुन्यात ढवळाढवळ केली, असं लिहू? अर्जच बाद होईल. चालेल आपल्याला?"

मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी शेऱ्यावर एक सरळ रेघ मारली. मी आकडे भरले, कळ दाबली, अकरा ओढे रांगेत उभे राहिले. आमच्या बाजूच्या सोसायटीचा नाला चौथा. मांजरीपलीकडचा ओढा, आजारपणाच्या गुणांवर, पाचवा. पडद्यावर त्या दोघांच्या मध्ये एक बारीक काळी रेघ होती. मी ती कितीतरी वेळ बघत बसले.

पावसाळा आला. श्रावणातल्या एका रविवारी सकाळपासून धो धो कोसळत होतं. मी खोलीत बसून होते आणि मला उतार दिसायला लागले, जागेपणीच. पाणी कुठून निघालं असेल, कोणत्या गोठ्यावरून, कोणत्या बांधावरून, आणि कुठे उतरलं असेल. बसवेना. पिशवीत दोन बाटल्या टाकल्या आणि निघाले. दोन बस बदलल्या. हडपसरपासून पुढे बसमध्ये आम्ही चारच माणसं होतो. काचांवरून पाणी ओघळत होतं, बाहेर सगळं हिरवं आणि धुरकट, गाव आलं ते कंडक्टरने सांगितलं म्हणून कळलं.

ओढा चहाच्या रंगाचा झाला होता. उसातून, गोठ्यांतून, उकिरड्यांवरून पाण्याच्या धारा त्याच्याकडे निघाल्या होत्या आणि ओढा फुगून विहिरीत उतरत होता, काठच नसल्यासारखा. मी तिथे किती वेळ उभी होते सांगता येणार नाही. छत्री असून भिजले होते. मागून कोणी तरी माझ्या डोक्यावर पोत्याची खोळ घातली. सरपंचबाई होत्या.

"म्याडम? आन् असल्या पावसात? चला घरात."

घरात शांतता होती. आढ्याला पाळण्याचा दोर लोंबत होता, रिकामा. मुलगा झाला होता, त्यांनी सांगितलं, महिन्यापूर्वी, हिंजवडीला. सून तिकडेच होती. बाई दोन बस बदलून एकदा बघून आल्या होत्या. "हिरीचं काम झाल्याबिगर त्याला ह्या घरात आनायचं न्हाई, म्हनून सांगून ठिवलंय ल्योकाला. मंग वरीस लागू द्या न्हाईतर दोन." एवढं बोलून त्यांनी मला चहा दिला, आणि समोर बसून अगदी मनापासून विचारलं, "म्याडम, कुटं कमी पडलो ओ आमी? काय तरी घाण ऱ्हायली आसंल. पुढल्या खेपंला आजून चांगलं करू. पाच घरं पाळी सोडायला तयार हायेत."

कप मी खाली ठेवला. मी त्यांना सांगितलं. सगळं. पैसे घाण पाण्याला होते, तुमचं पाणी स्वच्छ निघालं म्हणून तुमचा नंबर गेला, आणि हे मला त्याच दिवशी कळलं होतं.

त्यांनी आढ्याच्या दोराकडे पाहिलं. कौलांवर पाऊस वाजत होता.

"मंग तवाच का न्हाई सांगितलं? तुमी तर पानी पिऊन छान हाय म्हनला."

"तुम्ही सगळे इतके आनंदात होता," मी म्हणाले. "मला तो मोडवेना."

"आमचा आनंद मोडला आस्ता तर आमी पुन्यांदा जोडला आस्ता ओ," त्या म्हणाल्या. "माळावरची गुरं तासाभरात वड्यात आनली आस्ती."

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. मी उठले, पावसात गेले आणि विहिरीतलं ते तांबडं पाणी बाटलीत भरलं. त्यांनी माझ्यावर खोळ धरली.

दुसऱ्या दिवशी ती बाटली मी साहेबांच्या टेबलावर ठेवली, न कळवता घेतलेली, नियमात न बसणारी. त्यांनी ती उजेडाकडे धरून पाहिली.

"आपण हिवाळ्यात मोजतो ते पाणी, आणि लोक पितात ते हे," मी म्हणाले. "पुढची यादी पावसातल्या नमुन्यांवर करायची. पत्र न पाठवता."

"पावसात जीप नसते."

"मी बसने जाईन."

त्यांनी बाटली जपून टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "छत्री सरकारी मिळणार नाही," आणि कोरा कागद पुढे ओढून नवा नियम स्वतःच्या हाताने लिहायला घेतला.

तो पावसाळा माझ्या आयुष्यातला सगळ्यांत लांब आणि सगळ्यांत सुंदर. यादी दर वर्षी नव्याने लागायची, म्हणून अकराच्या अकरा ओढ्यांवर मी गेले, कापडी पिशवीत बाटल्या किणकिणत. हिंजवडीला काचेच्या इमारतींच्या मागून लाल माती घेऊन पळणारा ओहोळ पाहिला. कंपनीच्या बस रांगेने उभ्या होत्या, आणि त्यांतल्या कुठल्याशा बसवर बाईंचा मुलगा असेल, असं वाटून मी प्रत्येक ड्रायव्हरकडे पाहिलं. संध्याकाळी ओल्या साडीने खोलीवर यायची आणि डोळे मिटले की सगळे ओढे एकमेकांत मिसळायचे. त्या पावसात माझं पुणं उतारांचं झालं ते कायमचं.

नव्या यादीत मांजरीपलीकडचा ओढा पहिला आला. आमच्या बाजूच्या सोसायटीचा नाला सातवा, आणि त्यांची सुरेख पत्रं नंतर वर्षभर येत राहिली. पण पहिला नंबर म्हणजे कठडा नव्हे. मंजुरी, निविदा, परत निविदा, यांत आणखी एक पावसाळा निघून गेला. काम पुरं झालं ते त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात. ते तपासायला मीच गेले, या वेळी पत्र न पाठवता.

कठडा छातीभर उंच होता. ओढ्याकाठी गवत धरलं होतं. त्याच दिवशी बाईंचा मुलगा बायको-मुलाला घेऊन येणार होता. बाई दारात उभ्या होत्या, मीही थांबले. तिघं वेशीकडून आले. पोरगं आईचं बोट सोडून, अंगणातून दुडुदुडु चालत पुढे आलं. बाई खाली बसल्या आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले. ते थबकलं, त्या हातांकडे बघितलं, आणि वळून आईच्या साडीमागे गेलं.

"वळख लागंल," बाई म्हणाल्या. हात तसेच होते. मग माझ्याकडे न बघता, हळूच म्हणाल्या, "रांगताना बगायचा व्हता."